पट्टी झाका, पट बघा

१२ डिसेंबर २०२४. कोथरूडमधल्या आमच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत पंचवीसेक माणसं दाटीवाटीने बसली होती. समोर भिंतीवर प्रोजेक्टरने पाडलेला सिंगापूरचा पट. जगज्जेतेपदाच्या लढतीतला चौदावा आणि शेवटचा डाव, दोघांचे गुण साडेसहा-साडेसहा. डिंग लिरेन पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता, गुकेश काळ्या. डाव सुरू होऊन तीन तास उलटून गेले होते, बरोबरीच होणार असं धरून मागच्या रांगेतले दोघेतिघे चहाला जायच्या तयारीत होते.

पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ२ या घरात आणला आणि खोलीत एकच गलका झाला. "गेला! गेला!" खुर्च्या सरकल्या, कुणीतरी टाळी वाजवली. मी शेजारच्या गृहस्थांना विचारलं, "का गेला?" ते पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले, "अहो, बघा ना, पट्टी!" पटाच्या कडेला जी काळी-पांढरी उभी पट्टी असते, संगणकाच्या हिशेबाने कोण वरचढ आहे ते दाखवणारी, ती सरसर काळी होत गेली होती. त्यांनी पटाकडे पाहिलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नव्हतं पाहिलं. खोलीतल्या पंचवीस जणांत त्या क्षणी पट पाहणारा एकही माणूस नसावा.

गुकेशने नंतर सांगितलं की त्यालाही ती चूक लगेच दिसली नव्हती. तो दुसरीच चाल करण्याच्या बेतात होता, आणि मग त्याच्या लक्षात आलं की डिंगचा उंट अडकतोय. म्हणजे काही सेकंद अशी गेली की पटावर बसलेल्या दोघांनाही जे दिसलेलं नव्हतं, ते आमच्या खोलीत सगळ्यांना 'कळलेलं' होतं. कशामुळे, ते मात्र एकालाही सांगता आलं नसतं.

गेलं वर्षभर मी या गोष्टीचा विचार करतोय. बुद्धिबळ पाहणारी माणसं आपल्याकडे कधी नव्हे इतकी वाढली आहेत, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण आपण जे पाहतोय आणि आपल्याला जे दाखवलं जातंय, त्यातून पाहणाऱ्याच्या मनात खेळाविषयी आदर कमी आणि तुच्छता जास्त तयार होते आहे, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. याला पट्टी कारणीभूत आहे, आणि पट्टीच्या मागे मागे धावणारं समालोचनही.

आधी त्या चुकीत काय होतं ते पाहू. डिंगकडे हत्ती, उंट आणि एक प्यादं. गुकेशकडे हत्ती, उंट आणि दोन प्यादी. अशी स्थिती सांभाळून बरोबरी करता येते, मोठे खेळाडू ती करतातही. हत्ती एफ२वर आल्याने हत्तींची मारामारी जुळून आली. गुकेशने हत्ती मारला, डिंगने राजाने परत मारला. मग गुकेशने आपला उंट डी५वर डिंगच्या उंटासमोर नेऊन ठेवला. डिंगचा उंट पार कोपऱ्यात, ए८वर. तो कर्णावर कुठेही गेला तरी काळ्या उंटाच्या माऱ्यातच, आणि त्या कर्णाबाहेर जायला वाट नाही. दोन्ही उंट मारामारीत जाणार, मागे राहणार दोन राजे आणि एकाविरुद्ध दोन प्यादी. अठ्ठावन्नाव्या चालीनंतर डिंगने हार मानून हात पुढे केला.

मधल्या पटावर असता तोच उंट तर काहीच बिघडलं नसतं. हत्तींची तशीच मारामारी झाली असती आणि डाव चालू राहिला असता. एका मोहऱ्याची जागा चुकीची असताना केलेली रोजच्यातली चाल, एवढीच ती चूक. हे समजायला आम्हाला त्या संध्याकाळी खडूफळ्यावर दहा मिनिटं लागली. समजल्यावर खोलीतला गलका गेला होता. एक काका हळूच म्हणाले, "अरेरे. मी असतो तर मीही हेच खेळलो असतो."

दुसऱ्या दिवशी मात्र कर्वे रस्त्यावरच्या अमृततुल्यापासून घरच्या व्हॉट्सअॅपपर्यंत एकच वाक्य ऐकू येत होतं: "जगज्जेता इतकी साधी चूक करतो?" माजी जगज्जेता क्रॅमनिकनेही या डावानंतर आपल्याला माहीत असलेलं बुद्धिबळ संपलं, अशा अर्थाचं लिहिलं. चौदा डावांची ती लढत. पहिला डाव डिंगने जिंकलेला, तिसरा गुकेशने, अकरावा गुकेशने, आणि लगेच बाराव्यात डिंगने अशी परतफेड केलेली की तो डाव बघताना अंगावर काटा यावा. २०२३मध्ये जगज्जेता झाल्यानंतर नैराश्याशी आणि निद्रानाशाशी झगडल्याचं ज्याने स्वतः उघडपणे सांगितलं होतं, तो माणूस शेवटच्या दिवसापर्यंत बरोबरीत उभा होता. आणि आपण त्याला एका हत्तीच्या चालीवरून मोजून मोकळे झालो. अठरा वर्षांच्या गुकेशने मात्र जिंकल्याबरोबर आधी डिंगचंच कौतुक केलं, तो खरा जगज्जेत्यासारखा लढला असं सांगितलं. समोर बसून ज्याने ते तास भोगले त्याला ते माहीत होतं.

पट्टीच्या बाजूने एक चांगला मुद्दा आहे आणि तो मी टाळणार नाही. ज्याला फक्त मोहरे कसे चालतात एवढंच माहीत आहे, त्याला ग्रँडमास्टरांच्या डावात कोण पुढे आहे हे कळायला दुसरा मार्गच नाही. माझी मावशी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी दिव्या देशमुखचे डाव बघायला लागली ती पट्टीमुळेच. "आपली मुलगी वर आहे ना?" एवढं तिला कळलं की ती तासभर बसते. पट्टी नसती तर ती पाच मिनिटांत उठली असती. लोक म्हणतात, क्रिकेटला धावफलक असतो तशी ही पट्टी, त्यात बिघडलं काय?

बिघडतं ते इथे. धावफलक झालेलं सांगतो. दोनशे धावा झाल्या म्हणजे झाल्या, त्या कुणीतरी पळून काढल्या आहेत. पट्टी न झालेलं सांगते. पुढे दोन्ही बाजूंनी यंत्रच खेळलं तर काय होईल, याचा तो अंदाज आहे. स्टॉकफिश हे डावाचा हिशेब करणारं, आज सगळीकडे वापरलं जाणारं मोफत इंजिन. त्यात २०२२च्या अखेरीपासून पट्टीवरच्या अधिक एक या आकड्याचा अर्थच असा ठरवला आहे की या स्थितीतून यंत्र स्वतःशी खेळलं तर जिंकण्याची शक्यता पन्नास टक्के. स्वतःशी! त्यात घड्याळ बघून हात थरथरणारं कुणी नाही, काल रात्री न झोपलेलं कुणी नाही. पट्टी शून्यावर असते तेव्हा आपण समजतो काही घडत नाहीये. प्रत्यक्षात कित्येकदा ते शून्य टिकवायला एकच चाल असते, तीही पाच वेळा लागोपाठ शोधायची असते, आणि खेळाडू कपाळ धरून तीच शोधत असतो. हे शून्य कसलं आहे ते सांगायला समालोचक बसलेला असतो. तोच जर पट्टीकडे बघून "ओहो, मोठी चूक!" असं ओरडणार असेल, तर त्याच्यात आणि आमच्या खोलीतल्या गलक्यात फरक काय राहिला?

पुण्यातल्या माणसाला हे दुसऱ्या उदाहरणाने चटकन पटेल. सवाई गंधर्व महोत्सवात रमणबागेच्या मैदानात रात्ररात्र बसलेले श्रोते अजून आहेत. कल्पना करा, गायकाशेजारी एक पडदा लावला आहे आणि लागलेला प्रत्येक स्वर किती खाली-वर आहे तो आकडा त्यावर दिसतो आहे. तंत्रज्ञान आहे, करता येईल. श्रोते डोळे मिटून ऐकायचे थांबतील आणि पडद्याकडे बघत बसतील. नव्वद मिनिटांच्या मैफलीनंतर बाहेर पडताना बोलणं काय होईल? तिसऱ्या तानेत निषाद उतरला होता. बोलणाऱ्याच्या कानाला तो उतरलेला कळला होता का, हा प्रश्नच उरणार नाही. आपण हे सवाईत एक दिवसही चालू देणार नाही. इथे मात्र ती सोय समजून घेतली आहे.

यंत्र बरोबर असेलही, पण पाहणाऱ्याच्या हाती त्याने काय येतं हा माझा प्रश्न आहे. १९६० साली मॉस्कोत बोत्विन्निक आणि ताल यांची जगज्जेतेपदाची लढत झाली. सहाव्या डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या तेवीस वर्षांच्या तालने एकविसाव्या चालीला घोडा एफ४वर फेकला, सरळ बळी दिला. नाट्यगृहातले प्रेक्षक इतके उसळले, इतका गोंगाट झाला की शेवटी डाव आतल्या बंद खोलीत हलवावा लागला. त्या घोड्याची चिरफाड विश्लेषक पुढे कित्येक वर्षं करत राहिले. पण त्या दिवशी ते हजारभर लोक डोकी एकमेकांत घालून भांडत होते: चालेल, नाही चालणार, इथून मारला तर, तिथून मारला तर. तेही प्रेक्षकच, त्यांचीही प्रतिक्रियाच. त्यांच्या गोंगाटात विचार होता, कारण उत्तर कुणाच्याच हातात नव्हतं.

उत्तर हातात नसण्याचा आणखी एक दाखला आहे. १९९७मध्ये डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या दुसऱ्या डावात कास्पारोव्हने हार मानली. त्या पटावर बरोबरीची वाट शिल्लक होती, हे नंतर विश्लेषणातून पुढे आलं. जगातला सर्वांत बलवान खेळाडू स्वतःच्या स्थितीबद्दल चुकला. आज तोच डाव पट्टीसह दाखवला असता तर आपण हसलो असतो.

आता या लेखामागचं खरं कारण सांगतो. गेल्या उन्हाळ्यात शहरातल्या एका शाळेत लहान मुलांची स्पर्धा होती, माझी भाची खेळत होती म्हणून गेलो होतो. आत मुलं, बाहेर व्हरांड्यात सतरंजीवर आईवडील, डबे, पाण्याच्या बाटल्या. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी हातात चालींचा कागद घेऊन बाहेर आली. हरली होती, पण चेहरा रडवेला नव्हता, उलट काहीतरी सांगायची घाई दिसत होती. वडिलांनी कागद घेतला, उकिडवे बसून एकेक चाल मोबाइलमध्ये भरायला सुरुवात केली. एकोणिसाव्या चालीला थांबले.

"अगं, इथे तू प्लस चार होतीस! आणि पुढच्या चालीला घोडा दिलास?"

"बाबा, मला वाटलं की तो राजा—"

"वाटलं काय? हे बघ, हे बघ इथे. सरळ जिंकलेला डाव."

तिने मोबाइलकडे पाहिलं आणि गप्प झाली. त्या राजाचं काय वाटलं होतं ते तिने सांगितलंच नाही, आणि वडिलांनी पुन्हा विचारलंही नाही. ते वाईट गृहस्थ नव्हते. दोन तास उन्हात बसले होते, पुढच्या फेरीआधी तिला मोसंबी सोलून देत होते. पण मुलीचा डाव त्यांनी पाहिला तो आपण सगळे आता पाहतो तसा, आकड्यातून. दहा वर्षांच्या मुलीने घोडा द्यायचं धाडस केलं, तिच्या डोक्यात एक चित्र होतं, ते चित्र चुकीचं असेल. चुकीचं असेल तर कुठे चुकलं हे तिच्याच तोंडून ऐकल्याशिवाय ते दुरुस्त कसं व्हायचं? मला त्या अर्धवट वाक्याचा शेवट अजून ऐकावासा वाटतो.

मोठ्यांच्या बाबतीतही पटावरचं काही कळेनासं झालं की नजर पटाबाहेर जाते. १ जून २०२५ला नॉर्वेतल्या स्पर्धेत गुकेशने माजी जगज्जेत्या कार्लसनला क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावात पहिल्यांदा हरवलं. कार्लसनने टेबलावर मूठ आपटली, सोंगट्या उडाल्या. त्या दोन-तीन सेकंदांची चित्रफीत माझ्याकडे किमान वीस जणांनी पाठवली. हरणारा डाव गुकेशने चार तासांहून अधिक कसा लांबवला, कुठे कुठे अडथळे उभे केले, याबद्दल त्या विसांपैकी एकानेही एक शब्द लिहिला नव्हता. कार्लसनने तिथल्या तिथे माफी मागितली, जाताना गुकेशची पाठ थोपटली, तेवढा भागही पुष्कळांच्या चित्रफितीत कापलेला होता.

दिव्या देशमुखने तर २०२४च्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर जाहीरपणे लिहिलं होतं की आपण चांगले डाव खेळलो, त्यांचा अभिमान वाटतो, पण प्रेक्षक बोलत होते ते आपले कपडे, केस आणि उच्चारांबद्दल. अठरा वर्षांची होती ती तेव्हा. याचा दोष मी पट्टीवर टाकत नाही, हा बाईकडे बघण्याचा आपला जुनाच रोग आहे, आणि त्याची लाज ज्याची त्याला वाटली पाहिजे. एवढं मात्र म्हणेन की समालोचक जेव्हा पटावरच्या कल्पनेत माणसाला गुंतवून ठेवतो, तेव्हा केसांकडे बघायला वेळ कमी उरतो. पुढच्या वर्षी, २८ जुलै २०२५ला, जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत टायब्रेकरमध्ये कोनेरू हंपीला हरवून तीच दिव्या विजेती आणि भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. त्या शेवटच्या डावात दोघींच्याही हातून चुका झाल्या. हाताशी वेळ नसताना, चालीमागे काही सेकंद मिळवत खेळलेला शेवट तो. एप्रिलमध्ये पुण्यातल्या महिला ग्रांप्री स्पर्धेत दोघीही खेळल्या होत्या, ती हंपीने जिंकली होती. त्या दोघींना इथे जवळून पाहिलेल्या माणसांनीसुद्धा बातुमीच्या डावावर "किती चुका!" असं म्हणावं, याचं मला वाईट वाटलं.

मग काय करावं? पट्टी कायमची काढून टाका असं माझं म्हणणं नाही. प्रत्येक नव्या चालीनंतर पाच-सात मिनिटं ती झाकलेली असावी. समालोचकाने आधी स्वतः विचार करावा, मोठ्याने करावा, चुकला तर आपल्यासमोर चुकावा. नॉर्वेच्या स्पर्धेत खेळाडू डाव चालू असताना एका छोट्या बंद खोलीत जाऊन प्रेक्षकांशी बोलू शकतात, मनात काय चाललंय ते सांगतात. कित्येकदा त्यांना वाटत असतं एक आणि यंत्र सांगत असतं भलतंच. तिथे मला खेळ दिसतो. तेवढ्यासाठी मी रात्री जागलो आहे.

आणि दुसरी गोष्ट, जी आपल्याच हातात आहे: मराठी समालोचन. आपले खेळाडू मोजा: खाडिलकर भगिनी, प्रवीण ठिपसे, पुण्याचे अभिजित कुंटे, नाशिकचा विदित गुजराथी, नागपूरची दिव्या. २०२४मध्ये बुडापेस्टला ऑलिंपियाडची दोन्ही सुवर्णपदकं आली तेव्हा खुल्या संघात विदित होता, महिला संघात दिव्या, आणि महिला संघाचे कर्णधार कुंटे होते. एवढी माणसं देणाऱ्या भाषेत मोठा डाव ऐकायचा तर इंग्रजीकडे किंवा हिंदीकडे जावं लागतं. बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून क्रिकेटचं धावतं वर्णन मराठीत करायचे तेव्हा घराघरांत मैदान उभं राहायचं. ते ऐकणाऱ्यांना चेंडू दिसत नव्हता, कुठलीही पट्टी नव्हती, होता फक्त एका जाणकार माणसाचा आवाज आणि आपली भाषा. माझ्या मावशीला "वर आहे का" यापलीकडे जे कळत नाही, ते तिच्या भाषेत कुणी सांगितलेलंच नाही. तिला रोज संध्याकाळी पाच मिनिटं सांगितलं तर कळतं, हे मी करून पाहिलं आहे.

दूरदर्शन, आकाशवाणी, राज्य संघटना, कुणीही सुरुवात करावी. मोठ्या लढतींपासूनच करायला हवी असंही नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्या पटाचं समालोचन शेजारच्या खोलीत मराठीत ठेवा, व्हरांड्यातले आईवडील तिथे येऊन बसतील. मोबाइलमध्ये बघण्यापेक्षा ते बरं.

आमच्या वाचनालयात आम्ही आता दर शनिवारी भिंतीवर पट्टी पडते तिथे पुठ्ठा टेकवून ठेवतो. सुरुवातीला लोक कुरकुरले, दोघे यायचे बंदही झाले. जे राहिले ते आता भांडतात, आणि भांडताना शब्द कमी पडायला लागले आहेत. गेल्या महिन्यात सिंगापूरच्या त्या चौदाव्या डावाचा शेवट पुन्हा लावला होता. राजासमोर राजा, मध्ये एक घर मोकळं, पांढऱ्याची पाळी. जिथे आहे तिथे थांबता आलं तर तो थांबला असता, पण चाल करणं भाग आणि राजा बाजूला होणं भाग. सहावीतल्या एका मुलाने विचारलं, "पास म्हणता येत नाही का?" नाही म्हटल्यावर त्याने विचारलं, "मग याला मराठीत काय म्हणतात?" जर्मन शब्द झुगझ्वांग, तो त्याला आवडला नाही. 'अरेरे' म्हणणारे काका बराच वेळ दाढी खाजवत होते. म्हणाले, "चालकोंडी म्हणू या का?" त्यावर पुढे अर्धा तास वाद झाला. कोंडी पटावर आहे की चालीत, हे अजून ठरलेलं नाही.